मयत धुणाऱ्या खमैसचा जबाब

आमच्या ऐन लूबान गावात माणूस मेला की तीन जणांकडे निरोप जायचा. इमामाकडे, कबर खोदणाऱ्याकडे आणि खमैसकडे. पहिल्या दोघांची वाट बघावी लागे. खमैस मात्र निरोप्याच्या मागोमाग दारात हजर. काखेत कापडी पिशवी, पिशवीत साबण, कापूस, कापूर आणि बोराच्या पाल्याची पूड. मयताला अंघोळ घालून कफन बांधायचं हे त्याचं काम, आणि तीस वर्षांत त्याबद्दल त्याने कुणाकडून काही घेतलं नाही. पोटासाठी तो खुर्च्या विणायचा. कॉफीखान्यातल्या गवती दोरीच्या खुर्च्या वर्षभरात लोंबायला लागतात, आणि आमच्या गावात बसून राहणाऱ्यांची कधी टंचाई नव्हती.

मी फर्जानी. कोर्टाच्या फाटकाबाहेर छत्रीखाली टेबल आणि टाइपरायटर मांडून बसणारा अर्जनवीस. लोक रडत येतात आणि मी त्यांचं रडणं सरकारी भाषेत बसवून देतो. खमैसची आणि माझी ओळख पत्त्यांच्या टेबलावरची. तो खेळायला बसला की त्याच्या शेजारची खुर्ची सगळ्यात शेवटी भरायची, आणि ती बहुधा मीच भरायचो, कारण मी नेहमी उशिरा पोचायचो. गावचा न्हावी तोंडाचा सैल. तो मानाचं 'सी' लावून खमैसला रोज डिवचायचा.

"सी खमैस, असा काय बघतोस? माप घेतोस का माझं?"

"तुझं कशाला घेऊ? तुझं अर्धं वजन जिभेचं आहे. ती आधी थंड होऊ दे."

एवढंच बोलायचा, आणि तेही जिवंत माणसांबद्दल. मेलेल्यांबद्दल एक अक्षर नाही. तेलाच्या मोठ्या घाण्याचा मालक वारला तेव्हा त्याच्या छातीवर कुणा परक्या बाईचं नाव गोंदलेलं आहे अशी गावभर कुजबुज होती. चाळिसावा झाल्यावर त्याच्या बायकोने खमैसला घरी बोलावलं, बदाम घातलेला चहा दिला आणि सरळ विचारलं. खमैस म्हणाला, "बाई, माझ्या डोळ्यांत साबण गेला होता."

"दोन्ही?"

"दोन्ही."

चहा पिऊन तो उठला. मयताच्या अंगावर जे दिसेल ते झाकावं, जो झाकील त्याचं देव झाकील, असं आमच्यात मानतात. मानतात सगळेच, पाळणारा हा एक. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमच्या गावाच्या अशा शेकडो मुठी एकट्या खमैसने झाकून ठेवल्या होत्या, आणि म्हणूनच घरातला कर्ता असो की दारुडा, लोक आपलं माणूस निर्धास्तपणे त्याच्या हाती देत.

मबरूकाचा अनीस मेला तो शरद ऋतू होता, जैतुनाची झोडणी नुकती लागली होती. मुलगा सव्वीस वर्षांचा, मोटरसायकली दुरुस्त करायचा. मंगळवारी बाजारात एका पोलिसाशी त्याची बाचाबाची झाली. कारण काय, तर गाडी उभी करण्याची जागा. त्याला उचलून ठाण्यात नेलं. त्याची मोठी बहीण नाइला दोन दिवस जेवणाचा डबा घेऊन ठाण्यात जात होती, आणि डबा आत घेतला जात होता. गुरुवारी सकाळी डबा घेतला नाही. दहाच्या सुमारास जिल्ह्याच्या इस्पितळाची गाडी घरासमोर आली. सोबत एक कागद होता. जिन्यावरून पडला, हृदय मुळात कमजोर होतं, ते बंद पडलं, असं त्यात लिहिलेलं.

आमचं पोलीस ठाणं बैठं आहे. दारात दोन पायऱ्या आहेत, त्यातली एक फुटकी. पण ही गोष्ट त्या दिवशी कुणाच्या डोक्यात आली नाही. गाडीबरोबर आलेला पोलीस हळू आवाजात सांगत होता की असरच्या, म्हणजे दुपार उलटल्यावरच्या नमाजाआधी दफन उरकून घ्या, मुलाला ताटकळत ठेवू नका. आता यात त्याने वेगळं काय सांगितलं? मयताचा मान लवकर माती देण्यात, हे आम्हाला आईच्या दुधाबरोबर शिकवलेलं. कुणी नको म्हणालं नाही. दुसऱ्या कुठल्या गावात मयत दोन दिवस बर्फावर ठेवून दुसरा डॉक्टर बोलावला असता. आम्ही पाणी तापवायला ठेवलं.

मशिदीमागच्या खोलीत खमैसने त्याला अंघोळ घातली. पाणी ओतायला अनीसचा मामा बशीर होता. चादर बाजूला झाली तसा बशीर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि शेवटपर्यंत तसाच, पाठमोरा, मागल्या मागे तांब्या पुढे करत राहिला. खमैस बाहेर आला तेव्हा मी दारातच होतो. त्याचा चेहरा पाहून मी विचारलं, "काय रे?"

"नमाजाला उभे राहा," तो म्हणाला.

आमच्या रिवाजाप्रमाणे आईला शेवटचं तोंड दाखवतात. मबरूकाने मुलाच्या कपाळाचा मुका घेतला आणि म्हणाली, हात दे त्याचे, हातांचा घेते. खमैसने कफन छातीवरच बांधून टाकलं होतं. तो म्हणाला, "बांधलं आता, सोडू नये." तिने ऐकलं. खमैसचं कोण ऐकत नसे? चारच्या आत सगळं आटोपलं.

पायऱ्यांचा हिशेब पहिल्यांदा नाइलाच्या लक्षात आला, तिसऱ्या दिवशी. ती ठाण्यासमोर जाऊन उभी राहिली आणि दारावरच्या शिपायाला म्हणाली, "जिना दाखवा." त्याने तिला हाकललं. पुढच्या गुरुवारी ती अनीसचा फोटो घेऊन कोर्टासमोर बसली. सोबत मबरूका, पांढरी सफसारी पांघरून. त्याच्या पुढच्या गुरुवारी गॅरेजवाले आले, मग शाळेतल्या दोन शिक्षिका, मग ज्यांची मुलं कधी ना कधी ठाण्यात मार खाऊन आली होती असे बाप. अशी समिती झाली. तिचे अर्ज मी लिहायचो. चौदा अर्ज लिहिले. चौदाही 'प्राप्त झाला' असा शिक्का मारून परत आले, आणि शिक्का मारणारा कारकून रोज माझ्याकडून काडेपेटी मागून न्यायचा, म्हणजे वैर वगैरे काही नव्हतं.

मग राजधानीहून वकीलबाई आल्या, शिराज नावाच्या. लोक त्यांना उस्ताझा म्हणत. त्यांनी सगळे अर्ज वाचले आणि मला म्हणाल्या, "सी फर्जानी, तुमची भाषा फार सुंदर आहे. यात एक तरी माणूस आहे का, ज्याने ते शरीर पाहिलं?"

त्यांचं म्हणणं सरळ होतं. कबर उघडून पुन्हा तपासणी व्हायला हवी. तसा हुकूम तपास न्यायाधीश देऊ शकतो, पण त्याला निमित्त लागतं. कागद सांगतो तसं ते शरीर नव्हतं, असं शपथेवर सांगणारा एक माणूस. बशीरने रडत सांगितलं की त्याने भिंत पाहिली. राहिला खमैस.

समितीतले पाच जण त्याच्या अंगणात गेले. मीही होतो. खमैस एका खुर्चीची बैठक विणत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, आणि सगळ्यांना जे ठाऊक होतं तेच म्हणाला, "माझ्या डोळ्यांत साबण गेला होता."

नाइलाचा पारा चढला. "तुम्ही घाबरलात. तसं म्हणा ना. त्यात साबणाला कशाला मध्ये घालता?"

"घाबरलो तर आहेच, पोरी. पण तू समजतेस त्याला नाही." त्याने दोरी ताणली. "आज मी एका मयताचं सांगितलं, की उद्या या गावात मला कोण आपलं माणूस देईल? प्रत्येक जण म्हणेल, याचं तोंड उघडतं. एकदा उघडलेलं तोंड किती उघडं, ते कोण बघायला जातं? हे काम गेलं तर माझ्याकडे काय उरतं? खुर्च्या?"

इमामाने त्याला समजावून पाहिलं. झाकायची ती मेलेल्याची लाज, मारणाऱ्याचं पाप नव्हे. खमैस म्हणाला, "शेख, तुम्ही म्हणता ते पुस्तकात बरोबर असेल. लोक पुस्तक बघून मयत देत नाहीत." गावातही दोन तट पडले. अर्धे म्हणत, बोलला पाहिजे. उरलेले अर्धेही म्हणत बोलला पाहिजे, पण घरी जाऊन बायकोला म्हणत की आपल्या बाबांना कुठे कुठे डाग होते ते याला ठाऊक आहे हं.

मग एके दिवशी भर दुपारी ठाणेदार कॉफीखान्यात आला. सरळ खमैसच्या टेबलाशी बसला, त्याच्यासाठी कॉफी मागवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सी खमैस, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून गाव टिकून आहे. तुमचं तोंड म्हणजे तिजोरी. माझ्या वडिलांनाही तुम्हीच धुतलं होतं."

"हो," खमैस म्हणाला. "भले गृहस्थ होते."

ठाणेदार गेला. कॉफी तशीच राहिली. त्या दिवशी खमैस पत्त्यांचे सगळे डाव हरला, आणि नेहमी जिंकणाऱ्याचं हरणं लोक विसरत नाहीत. माझ्या मनात मात्र राग होता. मला वाटलं, शाबासकी घेतली आणि गप्प बसला. तसं मी दोघातिघांना बोलूनही दाखवलं, याची मला अजून लाज वाटते.

पाचव्या महिन्यातल्या एका गुरुवारी माझी खुर्ची मोडली. खमैस ती माझ्या टेबलाशीच बसून विणत होता. रस्त्यापलीकडे समिती फोटो घेऊन बसली होती. मबरूका उठली, रस्ता ओलांडून आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. मला वाटलं आता शिव्या देणार.

"त्या दिवशी मी त्याचे हात मागितले होते," ती म्हणाली. "तू दिले नाहीस."

"नाही दिले, बहिणी."

"गाठही बांधून टाकली होतीस. आपल्यात आईने तोंड बघेपर्यंत थांबतात."

"थांबतात."

"मग ते झाकलंस ते कुणासाठी? माझ्यासाठी की त्यांच्यासाठी?"

खमैसने दोरी खाली ठेवली. मग म्हणाला, "त्या दिवशी तुझ्यासाठीच झाकलं. देवाशपथ. पण उपयोग त्यांना होतोय."

"मग सांग. कोर्टाला मागाहून सांग. आधी मला."

"ऐकलेलं परत विसरता येत नाही, बहिणी."

"तुला विसरता आलं?"

यावर तो माझ्याकडे वळला. "फर्जानी, कागद लाव."

मी कागद लावला आणि सवयीने सुरुवात ठोकली, मी खाली सही करणार, शुद्धीवर असून, इत्यादी. मग विचारलं, महत्त्वाची इजा कुठली, ती आधी घेऊ. तो गोंधळला. महत्त्वाची म्हणजे काय ते त्याला कळेना. डोळे मिटून त्याने हात पुढे केले आणि माझ्या टेबलावर, टाइपरायटरच्या शेजारी, रिकाम्या जागेत अंघोळ घालायला सुरुवात केली. जशी घालतात तशी, डोकं आधी, मग उजवी बाजू, मग डावी. त्याला त्याच क्रमाने आठवत होतं, दुसऱ्या कुठल्या क्रमाने नाही.

"केस. केसांत वाळलेलं रक्त, तीन पाण्यांनी निघालं. उजवा कान कोरडा. चेहरा. चेहऱ्यावर काही नाही."

"काहीच नाही?" मबरूकाने विचारलं.

"चेहरा त्यांनी सांभाळला होता. तीही इथलीच पोरं. आईला तोंडच दाखवतात, हे त्यांना ठाऊक होतं."

मी टाइप करायचा थांबलो. तो म्हणाला, लिही. मी लिहिलं.

"उजवा हात. मनगटाला काळा वळ, गोल, दोन बोटं रुंद. दोरीचा नव्हे, दोरी मला कळते. उजवी कूस. इथून इथवर जांभळी. हात ठेवला तर खाली फासळी हलत होती."

"गंभीर स्वरूपाची इजा," मी पुटपुटत टाइप करायला लागलो.

"तसं नको. मी जे धुतलं ते लिही. फासळी हलत होती."

मी खोडून तसं लिहिलं. वीस वर्षांत माझं वाक्य कुणी असं सुधारलं नव्हतं. त्याचे हात मांडीवरून पायाकडे गेले. तळव्यांपाशी थांबले, तिथे त्याने तीनदा पाणी घातलं, आणि जे सांगितलं ते मी लिहिलं आहे, कोर्टात आहे, इथे पुन्हा लिहीत नाही. मग त्याने दोन्ही हातांनी त्याला कुशीवर वळवल्यासारखं केलं आणि पाठ सांगितली. मबरूका उभीच होती. खुर्ची मोडलेली होती आणि दुसरी आणायचं मला सुचलं नाही. तो संपवून हात पुसायला लागला तेव्हा ती म्हणाली, "डावा कान राहिला."

खमैसने डोळे उघडले. "तुला कसं कळलं?"

"डोकं सांगताना तू उजवाच सांगितलास."

"त्यातून येत होतं," तो म्हणाला. "कापूस तीनदा बदलावा लागला. चौथ्यांदा थांबलं."

तिने मान हलवली, खमैसच्या खांद्याला हात लावला आणि रस्ता ओलांडून आपल्या जागी जाऊन बसली. खमैसने सही केली. त्याची सही म्हणजे चार अक्षरं, खूप वेळ घेऊन काढलेली.

त्या कागदावर कबर उघडली. राजधानीच्या डॉक्टरांचा अहवाल आला, तो उस्ताझा शिराज यांनी खमैसच्या जबाबाशेजारी ठेवला. डॉक्टरांनी हाडांची लॅटिन नावं घातली होती, एवढाच फरक. ठाणेदार आणि दोघे शिपाई आरोपी झाले.

सुनावणीला अख्खं गाव कोर्टात होतं. आरोपींचा वकील हुशार होता. त्याने खमैसला विचारलं, पाच महिने गप्प का बसलात? खमैस म्हणाला, तीस वर्षं गप्प बसलोय, पाच महिन्यांचं काय घेऊन बसलात. लोक हसले. वकीलही हसला आणि म्हणाला, "म्हणजे तुमची स्मरणशक्ती दांडगी. मग परीक्षा होऊन जाऊ दे. अनीसच्या आधी कुणाला धुतलंत? त्याच्या अंगावर काय काय होतं ते सांगा. कुटुंबीय इथे बसलेच असतील, खरं-खोटं तेच करतील."

अनीसच्या आधी गेलेला माणूस म्हणजे पोस्टमास्तर, आणि त्याची दोन्ही मुलं तिसऱ्या बाकावर होती. मी आजूबाजूला पाहिलं. प्रत्येक जण आपापलं मयत आठवत होता.

"नाही सांगणार," खमैस म्हणाला.

"आठवत नाही म्हणून?"

"आठवतं. सगळ्यांचं आठवतं."

न्यायाधीशांनी समज दिली की उत्तर टाळलं तर साक्षीचं वजन कमी होऊ शकतं. उस्ताझा शिराज अर्ध्या उठल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. खमैस न्यायाधीशांकडे वळून अदबीने म्हणाला, "साहेब, अनीसचं त्याच्या आईने विचारलं. त्यांच्या आयांनी मला विचारलेलं नाही."

न्यायाधीशांनी काहीतरी लिहून घेतलं आणि पुढचा साक्षीदार बोलावला. खमैसची साक्ष ग्राह्य धरली गेली. खटला अजून चालू आहे, तारखा पडतात, ठाणेदार जामिनावर आहे. पण जिना ही गोष्ट आता कुठल्याच कागदावर उरलेली नाही.

त्या दिवशी लोकांनी खमैसला कोर्टातून जवळजवळ उचलून नेलं. न्हाव्याने त्याची दाढी केली, कॉफीखान्यात त्याच्या शेजारच्या खुर्चीसाठी भांडण झालं. आणि मग गावात माणसं मरत राहिली. पोस्टमास्तरची बायको गेली, तिचं बायकांनी केलं. मग किराणावाला गेला, त्याच्या मुलांनी शेजारच्या गावातून दुसरा माणूस बोलावला. म्हणाले, सी खमैसचं वय झालं, कशाला त्रास. मग शाळेचा शिपाई, मग आणखी दोघे. सगळ्यांना खमैसच्या वयाची एकाएकी काळजी वाटू लागली. तो पिशवी दाराशी ठेवून बसायचा. कुणी बोलावलं नाही.

मागच्या वर्षी माझा भाऊ लझहर गेला. त्याची शेवटची वर्षं चांगली गेली नव्हती. दारू होती, सुया होत्या, दंडावर त्यांच्या खुणा होत्या, आणि आईला मी शेवटपर्यंत काविळीचं सांगत आलो होतो. ज्या टेबलावर खमैसने जबाब दिला तिथे मीच बसलो होतो, कोर्टातलं त्याचं उत्तरही मीच ऐकलं होतं. त्या माणसाचं तोंड या देशात कुणापुढे उघडणार नाही हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि मी शेजारच्या गावच्या माणसाला निरोप धाडला. हात लिहायला बसलेत म्हणून लिहितोय, नाहीतर हे मी कुणाला सांगितलं नसतं.

खमैस जनाज्याला आला. शेवटच्या रांगेत उभा राहिला, कबरीवर माती टाकली. संध्याकाळी आमच्या घरी कुसकुसची परात घेऊन आला आणि माझ्या शेजारी बसला. मी काहीतरी बोलायला लागलो, की घाई झाली, भाच्यानेच परस्पर निरोप दिला. त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला थांबवलं.

"पाणी कोमट होतं ना?" त्याने विचारलं. "लझहरला लहानपणापासून गार पाणी सोसायचं नाही."

मी हो म्हणालो. मी ते बघितलं नव्हतं.